डीएसपी पायापासून शिकताना: कोणती व्याख्यानं, कोणत्या क्रमाने, आणि एका मोटरचा प्रश्न

बगॅस | ३ मे, रात्री ९:४०

मंडळी, गळीत हंगाम आटोपला. ऑफ-सीझनला ओव्हरहॉलिंगची कामं असतातच, पण संध्याकाळ मोकळी मिळते. या वर्षी ती डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगला द्यायची ठरवली आहे, तेही अगदी पायापासून. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, नोकरी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनची. कॉलेजात हा विषय होता. झेड ट्रान्सफॉर्मचं टेबल पाठ होतं, पेपर निघाला, पुढे त्याच्याशी संबंध आला नाही.

आता आला आहे. आमच्या बॉयलर फीड पंपाची मोटर दोन पोलची, मिनिटाला २९६० फेरे, म्हणजे सेकंदाला ४९.३३. तिच्या कंपनांच्या आलेखात १०० हर्ट्झच्या आसपास एक उंच शिखर दिसतं. फेऱ्यांची दुप्पट होते ९८.६७ हर्ट्झ. ती वाढली असेल तर कपलिंगचं अलाइनमेंट बघायचं. पण पुरवठा ५० हर्ट्झचा, त्याची दुप्पट बरोबर १००. ती वाढली असेल तर दोष विजेच्या बाजूचा: स्टेटर, एअर गॅप, नाहीतर पाय नीट न टेकल्याने पिळली गेलेली फ्रेम. दोन्हींची दुरुस्ती वेगळी, खर्च वेगळा. आलेखात मात्र एकच जाडजूड शिखर. डायल लावून अलाइनमेंट तपासलं तर ते मापात आहे. हे शिखर कुणाचं, ते मला स्वतःला काढता आलं पाहिजे. हंगाम संपायच्या आत चालू मोटरचं कच्चं रेकॉर्डिंग करून ठेवलं आहे.

व्याख्यानांची सुरुवात केली आहे. आतापर्यंत जे चाळलं त्यावर माझं मत लिहिते.

एमआयटीच्या ॲलन ओपनहाइम यांची १९७५ सालची व्याख्यानं ओपनकोर्सवेअरवर फुकट आहेत. चित्र कृष्णधवल, आवाज जुना, पण मला ती सगळ्यांत जास्त भावली. कूली आणि ट्यूकी यांचा एफएफटीवरचा (सिग्नलमध्ये कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते झटपट काढण्याच्या रीतीवरचा) निबंध १९६५चा. म्हणजे या चित्रीकरणाच्या वेळी तो जेमतेम दहा वर्षांचा होता. समोरच्याला काही माहीत असेल असं सर गृहीत धरत नाहीत. प्रत्येक पायरी कुठून आली ते सांगतात. एफएफटी तर अगदी शेवटी येते, तोवर तिची गरज आपल्यालाच जाणवू लागते. सोबत स्टडी गाइड आहे, त्यात गणितं आणि उत्तरंही आहेत.

त्यांचीच १९८७ची सिग्नल्स अँड सिस्टिम्सची मालिका २६ व्याख्यानांची. रंगीत आहे, प्रात्यक्षिकं आहेत, अखंड आणि विविक्त असे दोन्ही सिग्नल शेजारी शेजारी शिकवले आहेत.

एनपीटेलवर आयआयटी दिल्लीचे एस. सी. दत्ता रॉय आणि आयआयटी मुंबईचे विक्रम गद्रे या दोघांची व्याख्यानं आहेत. दत्ता रॉय सर सावकाश बोलतात, घाई म्हणून नाही. गद्रे सर एखादी व्याख्या सांगण्याआधी ती का हवी यावर वेळ घालवतात. आणि कोर्सेरावर स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलचे प्रान्दोनी आणि वेटर्ली यांचा कोर्स आहे. तो सिग्नलला थेट व्हेक्टर म्हणून धरतो. गणिताची सवय असलेल्याला तो आवडेल, मला पहिल्या आठवड्यात धाप लागली.

दोन प्रश्न. यातली कोणती मालिका धरू? आणि व्याख्यान ऐकताना सगळं कळतं, वही उघडली की हात चालत नाही, त्यावर जाणकार काय करतात?

---

फळा_खडू | ३ मे, रात्री ११:०५

बगॅस, प्रश्न फार नेमका मांडलात. मी इंजिनिअरिंग कॉलेजात हाच विषय शिकवतो.

एकच मालिका धरा आणि तडीस न्या. चार ठिकाणची पहिली पाच व्याख्यानं ऐकली तर चारदा सॅम्पलिंगची ओळख होते आणि फिल्टरपर्यंत कुणीच पोचत नाही. प्रत्येकाची चिन्हंही वेगळी. एक जण फ्रिक्वेन्सी रेडियनमध्ये मोजतो, दुसरा सायकल्समध्ये, तिसरा निम्म्या सॅम्पलिंग रेटला १ धरतो. नवशिक्याचा अर्धा जीव त्यातच जातो. तुम्हाला १९७५ची भावली असेल तर तीच घ्या. मध्ये कुठे अडलात तर तेवढ्यापुरतं दत्ता रॉय सरांकडे जा आणि परत या. १९८७च्या मालिकेतला कन्व्होल्यूशनचा भाग मात्र आधी बघून घ्या.

हात चालत नाही याला माझ्याकडे एकच उपाय आहे: कन्व्होल्यूशन कागदावर करायचं, पुन्हा पुन्हा. लहान आकडे घ्या. इनपुट १, २, ३. सिस्टिमचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका सुट्या ठोक्याला तिचं उत्तर, १, १. आता एकेक नमुना सुटा धरा. पहिल्या १ मुळे आउटपुटमध्ये १, १ उमटतात. दुसऱ्या २ मुळे एक घर सरकून २, २. तिसऱ्या ३ मुळे दोन घरं सरकून ३, ३. उभी बेरीज करा: १, ३, ५, ३. पडताळा असा की इनपुटची बेरीज ६, रिस्पॉन्सची २, तर आउटपुटची १२ यायला हवी. येते.

आमच्याकडे मुलं 'उलटा करा, सरकवा, गुणा, बेरीज घ्या' एवढं पाठ करून येतात. उत्तर बरोबर येतं, पण उलटा का करायचा हे विचारलं की गप्प. वरच्या पद्धतीत काहीच उलटं करावं लागलं नाही. देवळातली घंटा लागोपाठ तीनदा वाजवली तर प्रत्येक ठोक्याचा नाद आपापल्या वेळी सुरू होतो, आपापला विरतो, आणि कानाला तिघांची बेरीज ऐकू येते. कन्व्होल्यूशन म्हणजे एवढंच. उलटवणं येतं ते फक्त 'या क्षणी कोणकोणत्या जुन्या ठोक्यांचे नाद शिल्लक आहेत' असं आउटपुटच्या बाजूने मागे वळून पाहताना. आणि हे चालतं ते सिस्टिम लिनिअर आहे (इनपुट दुप्पट तर आउटपुट दुप्पट, इनपुटची बेरीज तर आउटपुटची बेरीज) आणि काळानुसार बदलत नाही म्हणून. या दोनपैकी एकही अट मोडली तर पुढचा सगळा डोलारा कोसळतो. व्याख्यान ऐकताना ही दोन गृहीतकं कुठे वापरली ते वहीत समासात लिहीत जा.

---

मिसळ_बंगळूर | ४ मे, सकाळी ८:१०

सरांचा आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. बगॅस ताईंकडे प्रत्यक्ष डेटा आहे, प्रत्यक्ष प्रश्न आहे. त्यांनी महिनाभर १, २, ३ आणि १, १ करत का बसावं? पायथनमध्ये नमपाय घ्या, फाइल वाचा, एका ओळीत एफएफटी. दुसऱ्या ओळीत आलेख. पायथन नको असेल तर ऑक्टेव्ह फुकट आहे.

८१९२ नमुन्यांचा डीएफटी सूत्राप्रमाणे सरळ काढायचा तर ६ कोटी ७१ लाखांच्या वर गुणाकार लागतात. एफएफटीने तेच काम साधारण ५३ हजारांत होतं. हे यंत्राला करू द्या. माणसाने निकाल वाचायला शिकावं. मी स्वतः असाच शिकलो, आधी चालवून पाहिलं, मग एकेका विचित्र गोष्टीचं कारण शोधत व्याख्यानांकडे गेलो. प्रश्न हातात असला की तासाभराचं व्याख्यान कंटाळवाणं होत नाही.

ज्यांना इंग्रजीतून सॉफ्टवेअर शिकणं जड जातं त्यांच्यासाठी: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन आणि सायलॅबचे धडे मराठी आवाजात आहेत. छोटे आहेत, ऐकता ऐकता समोर करून बघायचे.

---

रात्रपाळी | ५ मे, रात्री १:२०

मी पुण्यात मोटर कंट्रोलचं फर्मवेअर लिहितो. वरच्या दोघांचं भांडण नंतर सोडवू, आधी मोटर बघू.

बगॅस ताई, तुमच्या उपकरणात सेटिंग काय होतं? एफमॅक्स (आलेखातली सगळ्यांत वरची फ्रिक्वेन्सी) १००० हर्ट्झ आणि ४०० लाइन्स (आलेखातले ठिपके) असेल, असा माझा अंदाज आहे. कारण ही नेहमीची मांडणी आहे. तसं असेल तर सॅम्पलिंग सेकंदाला २५६०, नमुने १०२४, म्हणजे रेकॉर्ड फक्त ०.४ सेकंदाचा. आलेखातले ठिपके २.५ हर्ट्झच्या अंतरावर पडतात: ९७.५, १००, १०२.५. तुमच्या दोन उमेदवारांत अंतर आहे १.३३ हर्ट्झ. हे दोघे त्या जाळीतून वेगळे दिसणं शक्यच नाही. यात उपकरण खोटं बोलत नाही, आपण त्याला ऐकायला वेळ दिला नाही.

१.३३ हर्ट्झचा फरक ओळखायला किमान १ भागिले १.३३, म्हणजे पाऊण सेकंद ऐकावंच लागतं. त्यात हान विंडो लावली (रेकॉर्डची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणली) की मुख्य शिखराची रुंदी दुप्पट होते, म्हणून दीड सेकंद. सुखाने वेगळे दिसायला ८१९२ नमुने घ्या: ३.२ सेकंद, ठिपक्यांमधलं अंतर ०.३१२५ हर्ट्झ, आणि तुमच्या दोन शिखरांत चार ठिपक्यांहून थोडं जास्त अंतर पडेल. उपकरणाच्या भाषेत ३२०० लाइन्स.

एक सापळा सांगून ठेवतो. ०.४ सेकंदाच्या डेटाला मागे शून्यं जोडून ८१९२ नमुने करू नका. आलेख गुळगुळीत आणि देखणा होईल, ठिपके दाट होतील, पण शिखर एकच राहील. शून्यांमध्ये मोटरबद्दल काही माहिती नसते. भेद दिसतो तो जितका काळ प्रत्यक्ष ऐकलं त्यावर.

आणि विंडो का लावायची, हे एकदा स्वतः करून बघा. शुद्ध १०० हर्ट्झची साइन वेव्ह बनवा, २५६० ने १०२४ नमुने. विंडो न लावता एकच ठिपका उभा राहील, कारण ०.४ सेकंदात बरोबर ४० आवर्तनं बसतात. आता ९८.७५ हर्ट्झ घ्या, साडेएकोणचाळीस आवर्तनं. शिखर बसकं होतं आणि त्याचे पाय दूरवर पसरतात. शेजारचं लहान शिखर त्या पसाऱ्यात बुडतं. हान लावली की पसारा आवरतो, बदल्यात शिखर जाड होतं. दोन्ही एकदम मिळत नाही, त्यामुळे कशाची गरज आहे ते आपण ठरवायचं.

---

फळा_खडू | ५ मे, सकाळी ७:१५

रात्रपाळी, उत्तम. आता मिसळ यांना विचारतो: शून्यं जोडून भेद का वाढत नाही, आणि ९८.७५ ला पाय का फुटतात, याचं कारण एका वाक्यात काय? कारण असं की रेकॉर्ड कापणं म्हणजे सिग्नलला एका चौकटीने गुणणं, आणि इकडे गुणाकार झाला की फ्रिक्वेन्सीच्या बाजूला कन्व्होल्यूशन होतं. तेच १, २, ३ आणि १, १. तुमच्या एका ओळीच्या एफएफटीचा निकाल वाचायलाच ते लागतं.

---

मिसळ_बंगळूर | ५ मे, दुपारी १२:४०

मान्य सर. क्रमाबद्दल मी अजून माझ्या मतावर आहे, पण कागद-पेन्सिल वगळा असं मला म्हणायचं नव्हतं. दोन्ही एकाच संध्याकाळी व्हावं.

---

बगॅस | ११ मे, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सेटिंग अगदी तेच होतं, एफमॅक्स १०००, ४०० लाइन्स. कच्चं रेकॉर्डिंग २० सेकंदांचं आहे, त्यामुळे घरी बसून काम झालं.

८१९२ नमुने, हान विंडो, सहा तुकड्यांची सरासरी. दोन शिखरं स्वच्छ सुटी झाली. ९८.६७ पाशी एक लहान, आणि १०० वर दुसरं, त्याच्या कितीतरी पट उंच. म्हणजे प्रश्न विजेच्या बाजूचा. आता मोटर ओव्हरहॉलला उघडेल तेव्हा पायाखालचे शिम आणि एअर गॅप मोजायला सांगितलं आहे. मेकॅनिकल फोरमनना दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "मोटर तीच, मग हे आधी का नाही दिसलं?" तेव्हा ०.४ सेकंद आणि ३.२ सेकंद हा हिशेब त्यांना त्याच कागदावर मांडून दिला आणि तो त्यांना पटला.

व्याख्यानांबद्दल: फळा_खडू सरांचं ऐकून १९७५चीच धरली आहेत. माझी पद्धत आता अशी बसली आहे. पहिल्यांदा न थांबता पूर्ण ऐकते, वही बंद. दुसऱ्या दिवशी व्याख्यान न लावता, सरांनी फळ्यावर काय काढलं ते स्वतः कागदावर काढायचा प्रयत्न करते. जिथे हात अडतो तेवढाच तुकडा पुन्हा बघते. मग गाइडमधली दोन गणितं. त्यानंतरच पायथन. ऐकताना लिहीत गेलं की माझं लक्ष अक्षरावर जातं, म्हणून हा क्रम. इतरांना वेगळा चालत असेल.

सर, समासात गृहीतकं लिहायची ती युक्ती विलक्षण आहे. मोटरचा वेग लोडप्रमाणे किंचित हलतो, म्हणजे २० सेकंदांत ९८.६७ हे शिखरही थोडं सरकणार. मग रेकॉर्ड हवा तेवढा लांबवण्यात अर्थ नाही, हे त्या समासातल्या ओळीवरूनच सुचलं.

---

फळा_खडू | १२ मे, सकाळी ७:०५

फार आनंद झाला. खात्रीची एक चाचणी सांगतो, पुढच्या हंगामाआधी ट्रायल घ्याल तेव्हा करा. मोटर पूर्ण वेगात असताना आलेखावर नजर ठेवून पुरवठा तोडा. विजेचं १०० चं शिखर त्या क्षणी नाहीसं होतं. यांत्रिक असेल तर मोटरचा वेग उतरेल तसं ते हळूहळू खाली सरकत विरतं. रेकॉर्डिंग करून ठेवलंत तर एकेक लहान तुकड्याचा एफएफटी काढून हे सरकणं चित्रात उतरवता येईल.

---

नीलमोहर | १४ मे, संध्याकाळी ६:५०

नमस्कार, मी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धागा वाचून धीर आला. माझे दोन प्रश्न आहेत. परीक्षेसाठी यातलं काय बघू? आणि मिनी प्रोजेक्टला ईसीजी घेतलाय, त्यात ५० हर्ट्झचा गुणगुणाट फार येतो. गाइड म्हणतात नॉच फिल्टर (तेवढीच एक फ्रिक्वेन्सी कापणारा) लाव. फंक्शन वापरलं तर लागतो, पण ओरलला त्यातले आकडे कुठून आले विचारतील.

---

रात्रपाळी | १५ मे, रात्री १२:३५

नीलमोहर, आकडे स्वतः काढ, दहा मिनिटांचं काम आहे. सॅम्पलिंग ५०० हर्ट्झ धरतो.

वर्तुळ काढ, त्रिज्या १. पूर्ण फेरा म्हणजे ५००. मग ५० हर्ट्झ म्हणजे फेऱ्याचा दहावा भाग, ३६ अंश. जी फ्रिक्वेन्सी मारायची तिथे वर्तुळावर झिरो (जिथे फिल्टरचा गेन शून्य होतो तो बिंदू) ठेवायचा, आणि गुणक वास्तव यावेत म्हणून त्याचा जोडीदार उणे ३६ अंशांवर. गुणाकार केलास की वरचे (अंशाचे) गुणक मिळतात: १, उणे २ कोस ३६, १. म्हणजे १, उणे १.६१८, १. संपला फिल्टर. आताचा नमुना, त्यातून आधीच्याची १.६१८ पट वजा, त्याच्याही आधीचा मिळवला की ५० हर्ट्झ शून्य. कॅल्क्युलेटरवर ५० हर्ट्झच्या कोसाइनचे नमुने घेऊन बघ: १, ०.८०९, ०.३०९. तिसरा अधिक पहिला १.३०९, आणि १.६१८ गुणिले ०.८०९ हेही १.३०९. वजाबाकी शून्य. हे हाताने आलं की ओरलची भीती राहात नाही.

पण एवढ्यावर थांबलास तर ईसीजी बिघडेल. हा खड्डा फार रुंद आहे. शून्य हर्ट्झलाच गेन ०.३८२ वर येतो आणि आसपासच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी दबतात. म्हणून त्याच कोनावर, वर्तुळाच्या किंचित आत, पोल (जिथे गेन फुगतो ते बिंदू) ठेवायचे. त्रिज्या ०.९५ घेतली तर खालचे (छेदाचे) गुणक १, उणे १.५३७, ०.९०२५. आता ५० पासून दूर गेलं की पोल आणि झिरो एकमेकांना जवळपास खोडतात, गेन १ च्या आसपास राहतो. शून्य हर्ट्झला तो १.०४५ येतो. खड्ड्याची रुंदी साधारण ८ हर्ट्झ.

०.९९ घेतलंस तर रुंदी दीड हर्ट्झच्या घरात येते आणि आलेखावर ते फार सुंदर दिसतं. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. ०.९५ ला फिल्टरचा नाद ओसरायला साधारण २० नमुने, म्हणजे ४० मिलिसेकंद लागतात. ०.९९ ला १०० नमुने, ०.२ सेकंद. ईसीजीत क्यूआरएसचा जोरदार ठोका आला की त्यामागे ५० हर्ट्झची थरथर उमटते, आणि ती नेमकी डॉक्टर जिथे एसटी सेगमेंट वाचतात तिथे पडते. प्रोजेक्टमध्ये दोन्ही त्रिज्या लावून तो भाग मोठा करून दाखव.

---

फळा_खडू | १५ मे, सकाळी ७:२०

परीक्षेसाठी: तुझ्याकडे दिवस थोडे आहेत, त्यामुळे पूर्ण मालिका आता नको. जिथे संकल्पनाच कळली नाही तेवढी दोन-तीन व्याख्यानं बघ आणि बाकी वेळ गणितांना दे. सुट्टीत मात्र एनपीटेलच्या एखाद्या कोर्सला रीतसर नोंदणी कर. साप्ताहिक असाइनमेंटचे २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात. तारखा ठरलेल्या असल्या की अभ्यास रेंगाळत नाही.

एक आग्रहाने सांगतो. व्याख्यान दीडपट वेगाने बघू नकोस. ज्या ठिकाणी शिक्षक थांबतात, तिथेच तुझ्या डोक्याला काम करायचं असतं.

---

षड्ज_पंचम | १७ मे, रात्री ९:१५

मी गाणं शिकते आणि शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मोटर आणि ईसीजी झाले, आता थोडं तानपुऱ्याबद्दल.

बगॅस, ईपीएफएलच्या कोर्सने तुम्हाला धाप लागली असं तुम्ही लिहिलंत, पण त्यातली एक गोष्ट सुरुवातीलाच आहे आणि ती सोडू नका. कार्प्लस आणि स्ट्राँग यांची छेडलेल्या तारेची युक्ती, १९८३ साली प्रसिद्ध झालेली. १४७ घरांची रांग घ्या, त्यात वाटेल ते यादृच्छिक आकडे भरा. दर वेळी पहिला आकडा बाहेर काढून ऐकवा, आणि तो व त्याच्या आधी बाहेर काढलेला यांची सरासरी रांगेच्या शेवटी ढकला. सेकंदाला ४४,१०० आकडे ऐकवा. एवढ्यातून तार वाजते! सुरुवातीला खरखर, मग झपाट्याने गोडवा. सरासरी हा लो-पास फिल्टर आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीला वरचे स्वरांश जास्त झिजतात आणि मूळ स्वर टिकून राहतो. खऱ्या तारेतही वरचे स्वरांश असेच आधी विरतात.

स्वर किती हर्ट्झचा? ४४,१०० भागिले १४७, बरोबर ३००, असं वाटतं. मी ३०० हर्ट्झच्या शुद्ध स्वराबरोबर लावून ऐकलं तर सेकंदाला एक डोल येत होता. कानाला तो लगेच कळतो. कारण सरासरी काढण्यातही वेळ जातो, अर्ध्या नमुन्याचा. रांग प्रत्यक्षात एकशे साडेसत्तेचाळीसची होते आणि स्वर २९९ हर्ट्झवर उतरतो. सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सुमारे ६. फिल्टरचा फेज आणि विलंब हे प्रकरण व्याख्यानात रूक्ष वाटतं, इथे ते कानाने ऐकू येतं. दुरुस्ती म्हणून अपूर्णांकाचा विलंब देणारा ऑल-पास फिल्टर रांगेत बसवतात.

आणि मग साहजिकच मनात आलं की यातून तानपुऱ्याची जवारी काढावी. निघाली नाही. फिल्टर बदलले, रांग बदलली, गिटारच्या जवळपासचं काहीतरी वाजत राहतं. त्याचं कारण फळा_खडू सरांच्या समासात आहे. जवारीच्या घोडीचा माथा सपाटसर, किंचित गोलाईचा असतो. त्यावर तार टेकते-सुटते, आणि टेकण्याची जागा तारेच्या हालण्याबरोबर सरकते. खालचा दोरा ती जागा नेमकी साधण्यासाठीच असतो. मिरजेत जवारी काढताना पाहिलंत तर कारागीर घोडी अगदी थोडी घासतो, दोरा केसभर सरकवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. ही लिनिअर व्यवस्था नाही. तार दुप्पट जोराने छेडली तर आवाज नुसता दुप्पट होत नाही, त्याचा पोतच बदलतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेवर लिहिताना हे नेमकं टिपलं होतं. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडलं तिथे ज्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू येतो, तो स्वरांश उमटत नाही. मधोमध छेडली तर सम स्वरांश गायब. तानपुऱ्यात मात्र ते ऐकू येतात. इनपुटमध्ये नसलेली फ्रिक्वेन्सी आउटपुटमध्ये आली, म्हणजे लिनिअर आणि न बदलणाऱ्या व्यवस्थेची अट मोडली. ज्यांच्या घरी तानपुरा आहे त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम काढावा, ऑडॅसिटीत एका क्लिकवर दिसतो. छेडल्यानंतर काही वरचे स्वरांश विरण्याऐवजी वर चढताना दिसतात. कार्प्लस-स्ट्राँगच्या तारेत असं कधीच होणार नाही.

---

बगॅस | १७ मे, रात्री ११:४०

षड्ज_पंचम, हे वाचून लगेच १४७ घरांची रांग बनवली. खरखरीतून स्वर उमटताना ऐकून अंगावर काटा आला. आमच्याकडे रिकाम्या पाइपलाइनवर हातोडी मारून आवाज ऐकणारे जुने फिटर आहेत, त्यांना उद्या हे ऐकवणार आहे.

---

नीलमोहर | १८ मे, दुपारी ४:०५

नॉच झाला, दोन्ही त्रिज्यांचे आलेख जोडले, गाइडना आवडले. एक शंका राहिली. नायक्विस्ट म्हणतो सगळ्यांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट सॅम्पलिंग पुरे. मग वर बगॅस ताईंच्या उपकरणात १००० साठी २५६० का? आणि १०२४ नमुन्यांतून ५१२ ठिपके निघायला हवेत, लाइन्स ४०० च का?

---

रात्रपाळी | १९ मे, रात्री १२:५०

दोन्हींचं उत्तर एकच आहे. नायक्विस्टचं १९२८चं काम आणि शॅननचा १९४९चा निबंध, दोन्हींत सिग्नलवर एक अट आहे: ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वर त्यात काहीही असता कामा नये. मोटरला ती अट माहीत नाही. बेअरिंग ३००० हर्ट्झलाही वाजतं, ५००० लाही. म्हणून नमुने घेण्याआधी ॲनालॉग फिल्टर लावून वरचं काढावं लागतं, आणि कुठलाही खरा फिल्टर १००० ला उभा कडा पाडून १००१ ला शून्य करत नाही. त्याला उतरायला जागा हवी.

२५६० ने नमुने घेतले की घडी १२८० वर पडते. १५६० हर्ट्झची कंपनं दुमडून बरोबर १००० वर येऊन बसतात, १४०० ची ११६० वर. म्हणजे १००० पर्यंतचा भाग स्वच्छ हवा असेल तर फिल्टरने १५६० पर्यंत पुरेसं दाबलं म्हणजे झालं. १००० ते १५६० ही त्याची उतरण. १२८० ते १५६० मधलं जे नीट दाबलं जात नाही ते दुमडून १००० ते १२८० मध्ये येतं, आणि तो भाग उपकरण दाखवतच नाही. ५१२ ठिपक्यांपैकी वरचे ११२ याच कारणाने झाकलेले आहेत. २.५ गुणिले ४०० बरोबर १०००.

हेच सगळीकडे दिसेल. टेलिफोनचा आवाज ३४०० हर्ट्झपर्यंत, सॅम्पलिंग ८०००. सीडीत २०,००० पर्यंत, सॅम्पलिंग ४४,१००. तिथे उतरणीला फार कमी जागा, म्हणून फिल्टर अवघड. तुझ्या ईसीजीत सॅम्पलिंग ५०० आहे, तर एडीसीच्या (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी कोणता फिल्टर आहे आणि तो २५० च्या वर किती दाबतो, हे मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये बघ. ओरलला तोच प्रश्न येईल.